शेताचा कोपरा कुणाचा?

मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला. त्याआधी कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत साच्यावर उभा असायचा आणि आठवड्याची हक्काची सुट्टी अशी नव्हतीच. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले, सभा घेतल्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि दोन कामगार बायका तिथे बोलायला उभ्या राहिल्या होत्या. रविवारच का, याचं लोखंड्यांचं एक उत्तर अस्सल इथलं होतं: रविवार हा खंडोबाचा वार. शेवटी मालकांच्या संघटनेने मागणी मान्य केली.

त्यानंतर अकरा महिन्यांनी, १५ मे १८९१ ला, रोममध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ नावाचं परिपत्रक काढलं. परिपत्रक म्हणजे पोपने जगभरच्या चर्चला उद्देशून लिहिलेलं मोठं पत्र. या पत्राचा विषय होता कारखान्यातला कामगार: त्याचा पगार, त्याची संघटना, त्याची विश्रांती. लिओंना लोखंडे माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि लोखंड्यांना रोमशी काही देणंघेणं नव्हतं. तरी दोघे एकाच गोष्टीसाठी भांडत होते. माणसाच्या आयुष्याचा काही भाग असा राहिला पाहिजे, जिथे बाजाराचा हक्क चालत नाही.

ख्रिस्ती धर्म आणि पैसा म्हटलं की आपल्याला मिशनच्या शाळा, दवाखाने, अनाथाश्रम आठवतात. म्हणजे दानधर्म. तो आहेच. पण त्याच्या मागे मालमत्ता, मजुरी, व्याज आणि चैन यांबद्दलचा एक जुना आणि बराच कडक विचार आहे, आणि तो दानधर्मावर थांबत नाही. मी ख्रिस्ती आहे, या विचारात वाढलोय, आणि मुंबईत राहताना तो मला पावलोपावली उपयोगी पडतो. तो समजून घ्यायला ख्रिस्ती असायची मात्र गरज नाही.

न कापायचा कोपरा

सुरुवात एका शेतकी नियमापासून करतो. बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचं पुस्तक आहे. त्याच्या १९व्या अध्यायात शेतकऱ्याला सांगितलंय की पीक कापताना शेताच्या कडाकोपऱ्यापर्यंत विळा नेऊ नकोस. कापणीत सांडलेला सरवा वेचायला मागे फिरू नकोस. द्राक्षमळ्यात गळून पडलेली द्राक्षं उचलू नकोस. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे.

इथे मालकाने धान्य मोजून गरिबाच्या पदरात टाकायचं नाहीये. त्याने तो कोपरा कापायचाच नाहीये. गरीब माणूस स्वतः येतो, स्वतः वेचतो, कुणापुढे हात पसरत नाही. रूथ नावाची परदेशी विधवा सासूला घेऊन बेथलेहेमला येते आणि बवाजाच्या शेतात अशीच सरवा वेचते. शेत बवाजाचं, सरवा रूथचा. पुढे तिच्याच वंशात दावीद राजा जन्मतो आणि कित्येक पिढ्यांनी येशू. बायबल सांगणाऱ्यांनी आपल्या राजाची पणजी सरवा वेचणारी होती हे लपवलेलं नाही, याचं मला नेहमी विशेष वाटतं.

या नियमाचं कारण त्याच पुस्तकाच्या २५व्या अध्यायात येतं. देव म्हणतो, जमीन माझी आहे. तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात. म्हणून ती कायमची विकायची नाही. दर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, विकली गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जायची आणि कर्जापायी गुलाम झालेला सुटायचा. हे प्रत्यक्षात कितपत पाळलं गेलं याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण एकदा गरीब झालेलं घर पिढ्यानपिढ्या गरीबच राहू नये, ही तरतूद कुणीतरी कायदा म्हणून लिहून ठेवली एवढं खरं.

यातूनच पुढे चर्चची शिकवण तयार झाली: पृथ्वीवरचं सगळं आधी सगळ्यांसाठी आहे, खाजगी मालकी योग्य आहे, गरजेचीही आहे, पण ती दुसऱ्या नंबरवर. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरिया शहरात, दुष्काळ पडला तेव्हा तिथले धर्मगुरू बासिल यांनी कोठारं भरून बसलेल्यांना सुनावलं होतं की तुझ्या घरात पडून असलेली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीतला कपडा उघड्याचा आहे, कुजत पडलेली पादत्राणं अनवाण्याची आहेत. तेराव्या शतकात चर्चचे मोठे तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी तर असं लिहिलं की जीव जाण्याची वेळ आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या साठ्यातून गरजेपुरतं घेतलं, तर ती चोरी नव्हे.

मुंबईकराला हे लोकलमधून पटकन कळेल. सेकंड क्लासमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, ‘जरा सरका.’ खिडकीपाशी बसलेल्याची सीट त्याचीच राहते, त्याला कुणी उठवत नाही. पण चौथ्याला टेकायला जागा देणं हा उपकार समजला जात नाही. ती जागा त्याची आहे असं सगळा डबा धरून चालतो, आणि जो सरकत नाही त्याच्याकडे लोक वळून बघतात.

नाक्यावरची मजुरी

आता मजुरीकडे येऊ. हा या विचाराचा सगळ्यात भक्कम भाग आहे.

येशूने सांगितलेली एक गोष्ट बायबलच्या नव्या करारात, मत्तय या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे चौकात जातो, दिवसाला एक दिनार ठरवून मजूर घेतो. नऊला पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. संध्याकाळी पाचला जातो, तेव्हाही काही लोक उभेच असतात. तो विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. तो त्यांनाही पाठवतो. दिवस मावळल्यावर सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

ही गोष्ट धर्माच्या वर्गात देवाच्या कृपेची म्हणून शिकवतात. ते बरोबरच आहे. पण सकाळी आठला मुंबईच्या कुठल्याही मजूर नाक्यावर उभं राहून ती आठवा. रंगारी रोलर आणि रिकामा डबा घेऊन उभा असतो, गवंड्याच्या पिशवीतून थापी डोकावत असते, बिगारी बायका घमेलं पालथं घालून त्यावर बसलेल्या असतात. ठेकेदाराची किंवा घरमालकाची गाडी थांबली की पाचसहा जण तिला वेढतात. आधी तरुण आणि धट्टेकट्टे उचलले जातात. दहा वाजत आले की भाव पडतो, कारण आता उरलेल्याला काहीही चालणार असतं. अकरानंतर जे उरतात ते घरी जातात, आणि त्या दिवसाचा खाडा त्यांच्या चुलीपर्यंत पोचतो. पाच वाजता उभा असलेला माणूस आळशी होता असं गोष्टीत कुठेच नाही. त्याला कुणी घेतलं नव्हतं. आणि दिनार म्हणजे त्या काळी एका दिवसाची मजुरी, एका घराचं एका दिवसाचं भागेल एवढी. उशिरा काम मिळालेल्याच्या घरची माणसं कमी जेवत नाहीत, हा हिशोब त्या मालकाने केला.

लिओंच्या १८९१ च्या पत्रात हाच हिशोब तत्त्व म्हणून आला. त्या वेळचा प्रचलित युक्तिवाद असा होता की मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने जो भाव ठरवला तो न्याय्य. लिओ म्हणाले, राजीखुशीच्याही आधीचा एक न्याय आहे. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं पोट भरेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे. गरजेपोटी किंवा त्याहून वाईट होईल या भीतीने त्याने कमी भाव पत्करला असेल, तर त्याच्यावर जबरदस्ती झालेली आहे. याच पत्रात त्यांनी मालमत्ता रद्द करणारा समाजवाद नाकारला, कामगार संघटनांची बाजू घेतली आणि दुबळ्याचं रक्षण करणं हे सरकारचं काम आहे असं सांगितलं. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक नाराज झाले.

यावर एक रास्त आक्षेप आहे, तो टाळणार नाही. मजुरी वर नेली तर ठेकेदार माणसं कमी घेईल आणि नाक्यावर उरणारे वाढतील, असं अर्थशास्त्र शिकलेला माणूस सांगेल. काही ठिकाणी तसं होतंही. चर्चकडे याचं तयार गणित नाही आणि पोप अर्थमंत्री नसतात. पण आक्षेप घेणाऱ्यालाही एक विचारावं लागतं: पोट भरणार नाही अशा मजुरीवर चालणारा धंदा परवडतो तो कुणाच्या जिवावर? बायको चार घरची भांडी घासते, मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळते, म्हणून तो भाव टिकतो. ती तूट भरून निघतेच, फक्त ठेकेदाराच्या वहीत दिसत नाही.

मजुरी वेळेवर मिळणं यालाही बायबलात फार महत्त्व आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात सांगितलंय की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. ज्यांचे बिलाचे पैसे तीन-तीन महिने ‘प्रोसेस’मध्ये असतात त्यांना हे वाक्य लगेच कळेल.

गिरणीची जमीन

१४ सप्टेंबर १९८१ ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रमावर एक परिपत्रक काढलं. ते स्वतः तरुणपणी पोलंडमध्ये खाणीत आणि कारखान्यात राबले होते. त्याचा गाभा असा: यंत्रं, इमारती, पैसा हे सगळं आधीच्या माणसांच्या कामातूनच तयार झालेलं आहे. म्हणून श्रम आधी, भांडवल नंतर. भांडवल हे साधन आहे, आणि काम करणाऱ्या माणसाला साधन म्हणून वागवता येणार नाही.

चारच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या, आणि मागे उरली शहराच्या मधोमध सुमारे ६०० एकर जमीन.

या जमिनीचं काय करायचं, याचा एक नियम १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत केला गेला. जमीन विकसित करायची असेल तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, आणि एक तृतीयांश मालकाला. मी हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला लेवीयच आठवलं. मालकी मान्य, नफा मान्य, पण विळा कडेपर्यंत न्यायचा नाही. या जमिनी शहराच्या गरजेतून आणि कामगारांच्या तीन-चार पिढ्यांच्या घामातून एवढ्या मोलाच्या झाल्या होत्या. त्या मोलात त्यांचा वाटा आहे, हे कायद्याने त्या वेळी कबूल केलं होतं.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, फक्त ज्या भागावर बांधकाम नव्हतं त्या रिकाम्या भागाची. गिरणी म्हणजे मुळात बांधकामच, त्यामुळे वाटायला उरलं थोडं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाविरुद्ध निकाल दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. कायद्याच्या दृष्टीने विषय मिटला. लोअर परळ-वरळीला आज काचेचे टॉवर आहेत, फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आहे. गिरणी कामगारांसाठी म्हाडाने २०१२ मध्ये सोडत काढली, नंतरही काढल्या, तरी अर्ज करणाऱ्यांच्या मानाने घरं फार थोडी. पुढे मुंबईबाहेर शेलू आणि वांगणीला घरं देण्याचा प्रस्ताव आला. ज्यांच्या बापाने साच्यावर आयुष्य काढलं, त्यांनी ‘मुंबईतच घर’ असा आग्रह धरला. बाहेरच्याला तो हट्ट वाटतो. मला तो सरवा वेचायचा हक्क वाटतो. सरवा त्याच शेतात वेचायचा असतो.

पुरे कधी होतं?

१९९१ हे वर्ष आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. १ मे ला जॉन पॉल यांनी लिओंच्या पत्राच्या शताब्दीनिमित्त नवं परिपत्रक काढलं, आणि २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी तो अर्थसंकल्प मांडला ज्यानंतर देशाचा बाजार खुला झाला.

साम्यवादी राजवटी नुकत्याच कोसळल्या होत्या. पोपनी त्या पत्रात बाजाराला उघडपणे त्याचं श्रेय दिलं: वस्तू गरजेपर्यंत पोचवायला, माणसाच्या कल्पकतेला वाव द्यायला तो चांगला मार्ग आहे. पण ज्या गरजा मोजता येतात आणि ज्यांच्या मागे पैसा आहे, त्याच बाजाराला दिसतात. आणि दुसरा इशारा उपभोगवादाबद्दल होता. चांगलं जगावंसं वाटणं चुकीचं नाही, असं ते स्पष्ट म्हणतात. माणूस कोण आहे यापेक्षा त्याच्याकडे काय आहे यावर आयुष्य बेतलं जातं, तिथे बिघाड सुरू होतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ख्रिस्ती माणूस सुखाच्या विरुद्ध असतो असा एक समज असतो. सप्टेंबरात बांद्र्याला मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेला जा. पायऱ्यांच्या बाजूला मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, आणि मुंबईत घर हवं असेल तर मेणाचं घर, लाल छपराचं, तळहाताएवढं. सगळ्या धर्मांची माणसं ते विकत घेतात आणि माउलीपुढे ठेवतात. भाड्याच्या खोलीत अकरा महिन्यांचे करार बदलत राहणाऱ्या माणसाची ती इच्छा आहे. तिच्यात उपभोगवाद नाही.

उपभोगवाद वेगळा. तो गरज भागवून थांबत नाही, भागलेली गरज पुन्हा उघडी करतो. दोन वर्षांपूर्वी घेतलेला फोन उत्तम चालत असतो, पण त्याची मला लाज वाटू लागावी यासाठी कितीतरी हुशार माणसं पगार घेऊन कामाला लागलेली असतात. बारा हप्त्यांत तो मिळतो, म्हणजे पुढच्या बारा महिन्यांचं काम मी आधीच विकून टाकतो. मुंबईत १९९९ मध्ये हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल उघडला तेव्हा लोक नुसते सरकता जिना बघायला जायचे. आता मॉलला जावंही लागत नाही, तो उशाशी असतो.

यावर बायबलचं उत्तर मान्नाच्या गोष्टीत आहे. इजिप्तच्या गुलामीतून सुटून रानात भटकणाऱ्या लोकांसाठी रोज सकाळी जमिनीवर मान्ना पडायचा. प्रत्येकाने त्या दिवसापुरता वेचायचा. कुणी हावरेपणाने जास्त साठवला तर सकाळी त्यात किडे पडलेले असायचे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी कुणाला बाहेर पडावं लागू नये. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ एवढंच मागणं आहे.

अठराव्या शतकातले इंग्लंडचे जॉन वेस्ली, ज्यांच्यापासून मेथडिस्ट पंथ सुरू झाला, त्यांनी हे आकड्यांत सांगितलं. एका प्रवचनात ते ऑक्सफर्डच्या एका तरुणाची गोष्ट सांगतात. त्याला वर्षाला ३० पौंड मिळाले, २८ मध्ये त्याने भागवलं, २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी तो २८ मध्येच राहिला, ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९०, दिले ६२. चौथ्या वर्षी १२०, दिले ९२. तो तरुण वेस्ली स्वतःच असावेत असं मानतात. होता होईल तेवढं कमवा, वाचवा आणि द्या, ही त्यांची शिकवण. उत्तम व्यवहाराने जोडलेलं धन उदास विचाराने वेचायला सांगणारे तुकोबा ज्यांनी ऐकलेत, त्यांना वेस्ली परके वाटणार नाहीत. पगार वाढला की खर्चाची रेघही आपोआप वर सरकते, हे आपल्याला निसर्गनियमासारखं वाटतं. त्या तरुणाने ती रेघ एका जागी आखून ठेवली. आजच्या मुंबईत भाडं, फी आणि औषधपाणी दरवर्षी वाढत असताना २८ पौंडांवर तसंच राहता येणार नाही. पण रेघ आपणच आखायची असते, ही कल्पनाच आपण विसरलोय.

वस्तू फेकल्यावर कुठे जातात, तेही या विचाराचा भाग आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लिहिलं की पृथ्वीचं रडणं आणि गरिबाचं रडणं वेगळं ऐकता येत नाही. काही महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला मोठी आग लागली आणि धूर शहरभर पसरला. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा जातो. बाकी शहराने तो धूर काही दिवस घेतला. शिवाजीनगर-गोवंडीच्या वस्त्या तो वर्षानुवर्षं घेत आहेत, आणि तिथलीच माणसं आपण टाकलेल्यातून प्लॅस्टिक आणि धातू वेगळा काढतात.

व्याज, वसई आणि वॉर्ड

व्याजाबद्दल थोडक्यात. जुन्या करारात गरजू भावाकडून व्याज घ्यायला बंदी आहे, आणि मध्ययुगात चर्चने ती बरीच शतकं ताणून धरली. पुढे व्यापार वाढला तशी ती सैल झाली. पण त्या जुन्या अस्वस्थतेतून काही चांगलंही निघालं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत फ्रीडरिश राइफायझेन या श्रद्धाळू प्रोटेस्टंट नगराध्यक्षांनी सावकाराच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यांसाठी गावोगावी पतसंस्था काढल्या. मद्रासचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी त्यांचा अभ्यास केला, त्यातून १९०४ चा भारतातला पहिला सहकारी पतसंस्था कायदा आला. वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची बसीन कॅथॉलिक बँक १९१८ ची. आज महाराष्ट्रात पतपेढी नाही असं गाव शोधावं लागेल. त्यातल्या काहींचं काय झालं हेही आपल्याला ठाऊक आहे, पण कल्पना चांगली होती आणि आहे.

वसईचं नाव आलं म्हणून सार्वजनिक आयुष्याकडे वळतो. मुंबईला भाजी, केळी आणि फुलं पुरवणाऱ्या वसईचा हिरवा पट्टा १९८०च्या दशकाच्या अखेरीस बांधकामाला मोकळा होऊ लागला. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीतर्फे लढा दिला. पाणी उपसणारे टँकर, बिल्डर, राजकीय दहशत, या सगळ्यांविरुद्ध एक धर्मगुरू सभा घेत होता, आणि त्याच्यामागे सगळ्या जातीधर्मांचे वसईकर होते. हेच दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरूने राजकारणात पडू नये असं त्यांना अनेकांनी ऐकवलं. पण जुन्या करारातला आमोस संदेष्टाही मेंढपाळच होता आणि त्याने माप लहान आणि वजन मोठं करणाऱ्या व्यापाऱ्यांना नावं ठेवली. पाण्याचा आणि जमिनीचा प्रश्न धर्माच्या बाहेरचा आहे असं बायबल वाचून वाटत नाही.

याचा अर्थ ख्रिस्ती राज्य आणायचं असा मुळीच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती २.३ टक्के. आपल्या समाजाच्या सवलतींपुरतं बोलणं हे अशा अल्पसंख्येला सोपं जातं, आणि आपण बरेचदा तेवढंच करतो. शिकवण मात्र सामायिक हिताची आहे. १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांनी तिला एक नियम जोडला: जे काम खालच्या, लोकांच्या जवळच्या पातळीवर होऊ शकतं ते वरच्या सत्तेने ओढून घेऊ नये. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं हे त्या काळात वस्तीतल्या माणसाला कळेना. पायस यांचा नियम नेमका कशासाठी आहे ते यावरून कळतं.

पोप सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईला आले, भारतात आलेले ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर मोठा धार्मिक महोत्सव होता. त्या मुक्कामात त्यांनी जगातल्या राष्ट्रांना आवाहन केलं की शस्त्रांवरच्या खर्चाचा काही भाग बाजूला काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारा. १९६७ च्या परिपत्रकात त्यांनी मुंबईतल्या या आवाहनाची मुद्दाम आठवण करून दिली. तो निधी त्यांच्या मनासारखा उभा राहिला नाही.

चर्चलाही हे सगळे नियम लागू आहेत. मुंबईत चर्चकडे जमिनी आहेत, शाळा आहेत, पगारावर माणसं आहेत. १९७१ मध्ये जगभरच्या बिशपांच्या सभेने स्वतःबद्दलच लिहून ठेवलं की जो लोकांना न्याय सांगतो तो आधी लोकांच्या नजरेत न्यायी असला पाहिजे. आवारातला झाडूवाला ठेकेदाराकडून आलेला असेल आणि त्याला पुरती मजुरी मिळत नसेल, तर वेदीवरून केलेलं प्रवचन त्याला ऐकू जाणार नाही. श्रीमंती हाच देवाचा आशीर्वाद असं शिकवणारे प्रचारकही शहरात आहेत. वर सांगितलेल्या सगळ्या परंपरेशी त्यांचं कसं जुळतं ते मला आजवर समजलेलं नाही.

मे २०२५ मध्ये नवे पोप निवडले गेले आणि त्यांनी लिओ हेच नाव घेतलं, चौदावे लिओ. कारण त्यांनी स्वतः सांगितलं: तेराव्या लिओंपुढे कारखान्यांची क्रांती होती, आपल्यापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे आणि तिच्यात माणसाच्या श्रमाची प्रतिष्ठा पणाला लागली आहे. मुंबईत हे दूरचं नाही. दहा मिनिटांत दूध आणून देणारा मुलगा कुणाचा नोकर असतो हे कायद्याला बरीच वर्षं सांगता येत नव्हतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या पहिल्यांदा आली आणि ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याण निधीत भरावी अशी तरतूद झाली. निधी विम्यासाठी, आजारपणासाठी, म्हातारपणासाठी आहे. एका फेरीचे पैसे किती, हे मात्र ॲप ठरवतं. पाऊस पडला की एक भाव, गर्दी ओसरली की दुसरा. नाक्यावर निदान मुकादमाशी घासाघीस करता येते. इथे तो आकडा कसा ठरला हे विचारायला समोर कुणी नसतं, आणि पोट भरेल एवढी मजुरी हा १८९१ चा मुद्दा आता याच जागी नव्याने मांडावा लागणार आहे.